पेडल स्टीलवर राग वाजवायचाय? खान्देशात बसून सुरुवात कशी करायची

भुसावळच्या आमच्या गच्चीवर मी पहिल्यांदा हे वाद्य जोडलं तेव्हा शेजारच्या काकू कुरडया वाळत घालत होत्या. चार पाय लावले, खाली पट्टी लावली, पट्टीला तीन पेडल. काकूंनी बराच वेळ बघून विचारलं, "हाई शिलाई मशीन शे का रे भो?" मी म्हटलं, गिटार आहे. त्या हसल्या आणि परत कुरडयांकडे वळल्या. पुढची दोन वर्षं मी त्या मशीनवर खरंच शिवणकाम करत होतो, कारण सांगणारं कुणी नव्हतं. चुकीच्या तारा मागवल्या, चुकीच्या सवयी लावून घेतल्या, मग त्या मोडण्यात तेवढाच काळ गेला. तुमचा तो काळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

आधी वाद्याची ओळख. पेडल स्टील म्हणजे चार पायांवर आडवी ठेवलेली, बहुधा दहा तारांची इलेक्ट्रिक गिटार. पडदे नसतात, पडद्यांच्या जागी नुसत्या रेषा आखलेल्या असतात. डाव्या हातात पोलादी बार, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. डावा पाय पेडलवर, दोन्ही गुडघे खाली लोंबणाऱ्या पट्ट्यांशी, उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर. मोकळं राहतं ते फक्त तोंड, आणि तेही मोकळं ठेवायचं नाही, कारण वाजवताना गुणगुणायचं असतं.

स्टील गिटार हवाईची. जोसेफ केकुकू या हवाईयन माणसाला तिचं श्रेय दिलं जातं, काळ १९व्या शतकाच्या अखेरचा. आपल्याकडे ती नवी नाही. ताऊ मो हे हवाईयन वादक १९४०च्या दशकात कोलकात्यात राहिले, पुढे ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर पूर्ण रागविस्तार मांडला आणि विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा तर १९९४ला ग्रॅमीपर्यंत गेली. पण ही सगळी बिनपेडलची वाद्यं. पेडलचं वाद्य अमेरिकेत वाढलं. १९५३-५४च्या सुमारास बड आयझॅक्स यांनी एका कंट्री गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर बदलला आणि सगळे वादक त्यामागे लागले. म्हणजे यंत्र तिकडचं आणि राग इकडचा. या दोघांत भांडण कुठे होतं ते कळलं की अर्धं काम झालं.

भांडण मींडेवरून होतं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाण्यावरून. पेडल दाबलं की तार एका ठरलेल्या सुरावरून दुसऱ्या ठरलेल्या सुरावर सरकते. ऐकायला ती अगदी मींड वाटते. नवा माणूस तिथेच फसतो, मीही फसलो. म्हणून आताच सांगतो: मींड बारने घ्यायची, पेडलने नाही. पेडल कशासाठी ते सातव्या पायरीत येईल.

१. आधी गळा

खान्देशात पेडल स्टील शिकवणारा मिळेल या भरवशावर राहू नका. गायन शिकवणारे मात्र जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार सगळीकडे आहेत. त्यांच्याकडे जा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेपर्यंतचं गाणं पदरात असलं, म्हणजे पलटे, आठ-दहा रागांच्या बंदिशी आणि चार ताल हातावर मोजता येत असले, तर पुरे. पडदे नसलेल्या वाद्यावर जो सूर तुम्हाला गाता येत नाही तो सापडत नाही. सापडला तरी योगायोगाने.

आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी वाद्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "आधी भूप गा. मग त्या टेबलावर काय वाजवायचं ते वाजव." हे टेबल नाही असं सांगायचं धाडस मला झालं नाही.

२. सहा महिने साध्या हवाईयन गिटारवर

लाखाच्या पुढचं वाद्य मागवण्याआधी घरातली जुनी साधी गिटार घ्या. वरच्या टोकाला, जिथून तारा डोक्याकडे जातात, तिथे उंच पट्टी बसवून तारा उचला, गिटार मांडीवर आडवी ठेवा आणि बार फिरवा. दोन हजारांच्या आत काम होतं. सहा महिन्यांनी हात अजूनही खाजत असतील तर पुढे जा. नाहीतर पैसे वाचले.

बार जळगावच्या एमआयडीसीत लेथवर करून घेता येतो. माप असं: स्टेनलेस स्टील, व्यास २२ मिलिमीटर, लांबी साधारण ८३ मिलिमीटर, एक टोक बंदुकीच्या गोळीसारखं गोल, दुसरं सपाट आणि अंगठा बसेल एवढी खळगी. वजन सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम. आता यातला सापळा. लेथवरून उतरलेला बार आपल्याला चकचकीत दिसतो, पण तारेला त्यावरच्या बारीक चक्राकार रेघा लागतात आणि प्रत्येक मींडेमागे 'सर्रर्र' ऐकू येतं. मी महिनाभर ॲम्प्लिफायर बिघडलाय असं समजत होतो. शेवटी सराफ बाजारातल्या एका पॉलिशवाल्याकडे बफ मारून घेतला. त्याने तो पाटलीइतक्याच काळजीने घासला आणि आवाज गेला. जळगावजवळ राहण्याचा असाही फायदा.

३. वाद्य निवडताना

तारा सुरात लावायच्या दोन जुळण्या प्रचलित आहेत. एकीला ई नाइन म्हणतात, दुसरीला सी सिक्स. दोन माना (म्हणजे तारांचे दोन संच) असलेलं वाद्य घेतलं तर दोन्ही मिळतात, पण वजन वाढतं आणि गोंधळ चौपट. रागासाठी एका मानेचं, दहा तारांचं, ई नाइन जुळणीचं, तीन पेडल आणि निदान चार गुडघापट्ट्यांचं वाद्य घ्या.

जुनं घेत असाल तर विकणाऱ्याकडून हे मागा:

- कोणतं पेडल कोणत्या तारेला किती चढवतं-उतरवतं याचा तक्ता
- वाद्य उलटं करून काढलेले, सळ्या दिसतील असे फोटो
- प्रत्येक पेडल एकदा दाबून-सोडून दाखवणारा व्हिडिओ
- बसल्यावर मांडी खाली मावते का हे कळायला पायांची उंची

तक्त्याबद्दल जरा जास्त सांगतो. पेडलांचा क्रम डावीकडून ए, बी, सी असा असतो, त्याला एमन्स पद्धत म्हणतात. डे पद्धतीत तो उलटा, सी, बी, ए. दोन्ही चांगल्या, पण शिकण्याचं बहुतेक साहित्य एमन्स पद्धतीला धरून असतं. विचारलं नाहीत तर घोटा उलट्या दिशेने वळवायची सवय लागते आणि ती जाता जात नाही. पुढे मी जे सांगतोय तेही एमन्स पद्धतीचं.

ॲम्प्लिफायर परदेशातून मागवू नका. अमेरिकेतला १२० व्होल्टचा, आपली वीज २३० व्होल्टची. थेट लावला तर पहिल्याच दिवशी धूर. इथला कीबोर्डचा ॲम्प्लिफायर छान चालतो, कारण आपल्याला स्वच्छ आवाज हवा असतो, रॉकवाल्यांसारखा फाटका नको.

४. मागवणं आणि सोडवणं

हे वाचायला कंटाळवाणं आहे, पण इथेच पैसे जातात. हाताशी ठेवा:

- पॅन आणि आधार, कुरिअरच्या केवायसीसाठी. दोन्हीवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव अक्षरन् अक्षर एकच हवं
- विकणाऱ्याचं बिल, त्यावर वस्तूचं वर्णन, नवी की जुनी, आणि खरी किंमत
- पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा
- वाद्याचे दोन फोटो, विचारलं तर दाखवायला

बिलावर 'इलेक्ट्रिक गिटार, वाद्य' असं स्पष्ट लिहायला सांगा. वीज लावून आवाज वाढवायची वाद्यं सीमाशुल्काच्या ९२०७ शीर्षकात येतात. माझ्या विकणाऱ्याने कौतुकाने 'स्टील, पेडल, सळ्या' असं वर्णन लिहिलं आणि पार्सल यंत्राचे सुटे भाग समजून अडकलं. पत्रव्यवहारात अकरा दिवस गेले. किंमत कमी लिहून घ्यायचा मोह तर टाळाच. अडकलं की दंड पडतो, आणि वाटेत मोडलं तर विमाही त्या कमी किमतीचाच मिळतो.

मुंबईहून रेल्वेने आणणार असाल तर पेटीची मापं आधी घ्या आणि खालचा बर्थ मागा. एका मानेचं वाद्य पेटीसकट १५ ते २० किलोच्या घरात जातं. मनमाडला गर्दी चढली की पेटीवर बसू पाहणारे भेटतात, त्यांना हात जोडा.

५. जोडणी

पाय फिरवून बसवायचे, पुढच्या दोन पायांमध्ये पेडलची पट्टी, आणि पेडलपासून वर वाद्याच्या पोटापर्यंत सळ्या. सळ्यांची लांबी वेगवेगळी असते. पहिल्यांदा सोडवताना प्रत्येकीला नेलपॉलिशचा ठिपका द्या: एक, दोन, तीन. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बैठक ठरवताना मांडी आडवी, कोपर तारांच्या जरा वर, आणि गुडघा दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेही न टेकता. प्लास्टिकची खुर्ची नको, ती डुलते. लाकडी स्टूल करून घ्या, उंची स्वतःच्या पायावर मोजून.

६. तारांवर सरगम

ई नाइनमध्ये मोकळ्या तारा कोणत्या सुरात असतात ते इंग्रजी अक्षरांत पाठ करू नका. पांढरी तीनला (हार्मोनियमची तिसरी पांढरी पट्टी, इंग्रजीत ई) सा धरा आणि बघा काय होतं:

१ – रे
२ – शुद्ध नी (खालचा)
३ – ग
४ – सा
५ – मंद्र (खालच्या सप्तकातला) प
६ – मंद्र ग
७ – मंद्र रे
८ – मंद्र सा
९ – त्याखालचा कोमल नी
१० – त्याखालचा प

पहिली तार वाजवणाऱ्यापासून सगळ्यात लांब, दहावी पोटाजवळ. पहिल्या दोन तारा उंचीच्या क्रमाने नाहीत हे लक्षात आलं का? सगळ्यात उंच सूर तिसऱ्या तारेचा. सतारीची सवय असलेला माणूस इथे आठवडाभर चाचपडतो.

आता पेडल:

- ए पेडल: ५वी आणि १०वी तार, प चा ध
- बी पेडल: ३री आणि ६वी, ग चा शुद्ध म
- सी पेडल: ४थी सा चा रे, ५वी प चा ध
- डाव्या गुडघ्याची बाहेरची पट्टी: ४थी आणि ८वी, सा चा कोमल रे
- डाव्या गुडघ्याची आतली पट्टी: त्याच तारा, सा चा नी

उजव्या गुडघ्याच्या पट्ट्या वाद्यागणिक बदलतात. बहुतेकदा एक पट्टी २ऱ्या तारेचा नी कोमल करते, आणखी दाबली तर ध वर नेते.

हा तक्ता मी कागदावर लिहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. अमेरिकेतल्या लोकांनी आपल्या गाण्यांसाठी बांधलेल्या यंत्रात भूप आयता पडला होता: मोकळ्या तारांवर सा रे ग प, आणि ए दाबला की ध. बी दाबून धरला की ग चा म होतो, म्हणजे सा रे म प ध, दुर्गा. भूप आणि दुर्गा यांच्यात एका पावलाचं अंतर.

(पांढरी तीनच का? काळी एकमध्येही वाजवता येतं, नवव्या रेषेवर सा येतो. पण मग मोकळ्या तारा सुरात राहत नाहीत, आणि सतारीच्या चिकारीचं (मधेमधे छेडायच्या मोकळ्या तारांचं) काम करणारं काही उरत नाही. मला मोकळा सा-प हवा असतो.)

सूर लावायची रीत: तानपुऱ्याचं ॲप पांढरी तीनवर लावा. आधी डोक्याकडच्या खुंट्यांनी मोकळ्या तारा. मग पेडल दाबून धरा आणि दुसऱ्या टोकाच्या छोट्या नायलॉनच्या नटांनी चढलेला सूर लावा, शेवटी उतरणारे सूर. हा क्रम मोडलात तर गोल गोल फिरत राहाल.

ट्यूनरवर सुई मध्ये आणून थांबू नका. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार (ग) ट्यूनरच्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली असतो (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट), धैवत १६ सेंट खाली. ग च्या तारा उणे १४वर, ए पेडलचा ध उणे १६वर, प २ सेंट वर, रे ४ सेंट वर. अमेरिकन वादकही ग च्या तारा मुद्दाम उतरवून लावतात, त्यांना त्यांच्या स्वरमेळांत तो गोडवा हवा असतो. दोन्हीकडचे कान शेवटी एकाच गंधारावर येतात.

आणखी एक. दोन पेडल एकदम दाबली की वाद्याची पेटी जराशी वाकते आणि बाकीच्या तारा थोड्या उतरतात. ए आणि बी दाबून सा ऐका. उतरलेला वाटला तर मोकळा सा केसभर चढा ठेवून मधला मार्ग काढा. हा दोष वाद्याचा, तुमच्या कानाचा नाही.

७. बार, मींड आणि पेडलचं खरं काम

आलाप चौथ्या तारेवर शिका. बारचं गोल नाक फक्त चौथ्या तारेवर, मागची बाजू उचललेली, म्हणजे आठवी आणि पाचवी तार मोकळी राहून सा-प देत राहतात. अनामिका बारच्या मागे त्याच तारेवर हलकी टेकलेली, नाहीतर बारच्या मागची तारही वाजते आणि भुतासारखा दुसराच सूर ऐकू येतो. एका तारेवर सा मोकळा, रे दुसऱ्या रेषेवर, ग चौथ्या, म पाचव्या, तीव्र म सहाव्या, प सातव्या, ध नवव्या, नी अकराव्या, वरच्या सप्तकातला सा बाराव्या. मंद्रासाठी हेच सगळं आठव्या तारेवर.

रेषा बरोबर वरून बघा. कडेने बघितलं तर बार रेषेवर दिसतो आणि सूर चढा लागतो. आणि रेषा हे पत्त्यावरचं गाव समजा, घर नाही. २४ इंच लांबीच्या तारेवर यमनचा गंधार चौथ्या रेषेच्या मागे, डोक्याकडे, जवळजवळ ४ मिलिमीटर लागतो. तोच गंधार वरच्या सप्तकात, सोळाव्या रेषेपाशी, फक्त २ मिलिमीटर मागे. दरबारी रागाचा कोमल गंधार तर रेषेखाली झोके घेत असतो, त्याला जागा विचारायची नसते. या कारणासाठी मी रेषांवर टाचण्या किंवा रंगीत ठिपके लावण्याच्या विरोधात आहे. बरेच जण लावतात.

आता मींड. ग वरून सा ला यायचं तर गळा वाटेत रे पाशी क्षणभर रेंगाळतो, कधी रे ला नुसता स्पर्श करून खाली येतो, कधी सा च्या जरा आधी थबकतो. बारने हे सगळं होतं, कारण बार तुमच्या मनगटाच्या ताब्यात आहे. पेडलची वाट दोन खुंट्यांमध्ये अडकलेली. तिथे फक्त निघणं आणि पोचणं. पेडलने घेतलेली मींड दहा वेळा ऐकली की दहाही सारख्याच वाटतात. अकराव्या वेळी ऐकणारा चहाला उठतो.

मग पेडल कशाला? माझ्या अनुभवात तीन कामांना.

पहिलं, चिकारी बदलायला. मालकंसात पंचम नाही, मध्यम हवा. पाचव्या तारेला हात लावायचा नाही, बी पेडल दाबून धरायचं आणि सहावी तार वाजवायची, मंद्र म मिळतो. जोडीला आठवीचा सा. तानपुऱ्याची तार प वरून म वर आणायला गवई थांबतो, तुम्ही पाय खाली करता आणि झालं.

दुसरं, द्रुत तानांत. भूपाची सपाट तान मोकळ्या तारांवर आणि ए पेडलने घेतली तर बार हलवावाच लागत नाही. पण नखीने एक तार सोडून दुसरी घेताना पहिली थांबवावी लागते, उजव्या तळहाताच्या कडेने. ते जमलं नाही तर तानेऐवजी सगळ्या सुरांची खिचडी. इंग्रजीत याला ब्लॉकिंग म्हणतात, आणि त्यावर पहिलं वर्ष खर्च झालं तरी जास्त नाही.

तिसरं, खटका आणि मुरकी, म्हणजे सुरांची झटपट वळणं. ग वर असताना बी पेडल क्षणभर टोचलं की ग-म-ग अगदी स्वच्छ येतं. थोडंच वापरा. लोणच्याइतकं.

आवाजाच्या पेडलचा मोहही असाच. सूर छेडल्यावर हळूच आवाज वाढवला की नखीचा आघात लपतो आणि व्हायोलिनसारखं वाटतं. प्रत्येक सुराला केलं की हार्मोनियमचा भाता वाटतो. आपल्याकडे आघाताला किंमत आहे, तो ऐकू येऊ दे. आणि हवाईयन थरथर, म्हणजे प्रत्येक लांब सुरावर बार हलवत राहणं, ती पूर्ण बंद. पहिले सहा महिने सूर सरळ धरा. आंदोलन, म्हणजे सुराचा संथ झोका, राग मागेल तिथेच.

८. पहिले तीन राग

भूप, दुर्गा, मालकंस. पहिले दोन पेडलची ओळख करून देतात, तिसरा बारला कामाला लावतो, कारण मालकंसचे कोमल ग, ध, नी जवळपास सगळे बारनेच काढावे लागतात. यमन चौथा. सोपा म्हणून लोक आधी घेतात, पण त्याचा तीव्र म यात एकाही मोकळ्या तारेत किंवा नेहमीच्या पेडलमध्ये सापडत नाही, आणि घाईत हात चुकून बी पेडलच्या शुद्ध म वर जातो.

रोजचा रियाज चाळीस मिनिटांचा असेल तर पंधरा मिनिटं एकाच तारेवर गात-गात आलाप, पंधरा मिनिटं तळहाताच्या कडेचा सराव अगदी विलंबित लयीत, आणि उरलेली बंदिश तीनतालात. गाणं बंद करून नुसतं वाजवायला लागलात की सूर घसरलाच म्हणून समजा.

९. ऊन, धूळ, वीज

हा भाग अमेरिकन पुस्तकांत सापडत नाही. मे महिन्यात भुसावळात पारा ४५च्या पुढे जातो. तापली की तार उतरते. वाद्य बंद गाडीत अर्धा तास ठेवलंत तर सगळं पुन्हा लावावं लागतं, आणि अंगठ्यातली प्लास्टिकची नखी वाकलेली मिळते. कार्यक्रमाला तासभर आधी जाऊन वाद्य जागेवर उघडं ठेवा, मग सूर लावा.

कूलर हा दुहेरी शत्रू. त्याची ओली हवा तारांना गंज चढवते आणि मोटर पिकअपमध्ये (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागात) घुमते. रियाजाला पंखा बरा, रेकॉर्डिंगला तोही नको.

घरात नीट अर्थिंग नसेल तर ॲम्प्लिफायरमधून सतत 'हंऽऽ' येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तो घुमार पांढरी पाचच्या जवळ. पांढरी तीन सा धरला तर तो होतो कोमल गंधार. यमन वाजवत असताना भिंतीतून कोमल गंधार चालू आहे, असं मी तीन महिने सोसलं. मालकंस मात्र त्या काळात फार रंगायचा. शेवटी वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं. त्याला खर्च जेमतेम एका तारांच्या संचाएवढा आला.

तारांवरून आठवलं. तिसरी तार सगळ्यात जास्त तुटते, कारण ती सगळ्यात बारीक आणि पेडलने वर ताणली जाते. तिची जाडी ०.०११ इंच, आणि त्याच जाडीची साधी इलेक्ट्रिक गिटारची सुटी तार चालते. पूर्ण संच बाहेरून मागवावा लागतो, पण ही एक तार डझनभर घेऊन ठेवा. रियाज संपला की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसायच्या. पोटातल्या यंत्रावर महिन्यातून एकदा रंगाच्या मऊ ब्रशने धूळ झाडायची. तेल लावायचंच तर शिलाई मशीनचं, थेंबभर, सळईच्या टोकाला (काकूंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं). ग्रीस नको. त्यात धूळ बसून चिकट लगदा होतो आणि पेडल सोडल्यावर तार परत आपल्या सुरावर येत नाही.

१०. तबलजी आणि बैठक

कार्यक्रम ठरला की तबलजींना सगळ्यात आधी फोन करा आणि पांढरी तीन सांगा. मी एकदा विसरलो. ते काळी एकचा तबला घेऊन आले, खुंट्या ठोकून चढवता चढवता पुडी फाटली आणि नवीन पुडीचे पैसे मी दिले. वादावादी नको.

दुसरी अडचण बसण्याची. आपल्याकडे बैठक गादीवर असते आणि हे वाद्य स्टुलावर बसून वाजवायचं. तुम्ही वर, तबलजी खाली तुमच्या गुडघ्यापाशी, हे दिसायलाही बरं नाही आणि एकमेकांकडे बघून सम साधताही येत नाही. आयोजकांना सांगून तबलजींसाठी दोन फुटांचं लाकडी व्यासपीठ मागा. लग्नाच्या मंडपवाल्याकडे ते नेहमी असतं. वयाने मोठे तबलजी असतील तर आधी नमस्कार करून परवानगी घ्या, मग स्टुलावर बसा. आमच्याकडचे एक बुजुर्ग तबलजी पहिल्यांदा व्यासपीठावर चढले तेव्हा म्हणाले, "आज माझी वरात दिसतेय." पण मग त्यांनी भूपाच्या गतीला, म्हणजे वाद्यावरच्या बंदिशीला, असा ठेका धरला की माझा पाय ए पेडलवरून उठेना.

पिशवीत न्यायचं सामान: तिसरी तार चार, बाकीच्या एकेक, सूर लावायचा षटकोनी पाना, अंगठ्याच्या दोन नख्या, बोटांच्या नख्यांची एक जादा जोडी, सुती फडकं, पंधरा फुटांची जादा केबल, विजेची तीन पिनांची एक्स्टेन्शन, आणि स्टूल. स्टूल मी दोनदा घरी विसरलो आहे.

पहिल्या कार्यक्रमात वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नका. छोटा आलाप, मध्यलयीची एक गत, थोडी द्रुत. लोक आधी पाय कसे हलतात तेच बघत राहतात, सूर ऐकायला त्यांना निदान दहा मिनिटं लागतात. संपल्यावर मुलं पेडल दाबायला येतील. बी पेडल दाबू द्या, सहावी तार तुम्ही छेडा, ग चा म झालेला त्यांना ऐकू दे. नटांना मात्र हात लावू देऊ नका.